नागपूर–मुंबई ‘दीड तास’: कुठून कुठपर्यंत?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या आपल्या पुरवणीत नागपूर–मुंबई प्रवासाचा तक्ता छापून आला आहे. विमान दीड तास, समृद्धी महामार्ग आठ तास, रेल्वे साडेअकरा तास. शेजारी अंतरंही दिली आहेत: हवाई ६८३ किलोमीटर, महामार्ग ७०१, रेल्वेमार्ग ८३७. आकडे आपापल्या जागी बरोबर आहेत, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण वेळेचे तिन्ही आकडे एका रांगेत मांडण्याजोगे नाहीत. त्यातल्या पहिल्या आकड्यावर विसंबून माझ्या थोरल्या बहिणीचं शेवटचं दर्शन हुकलं, म्हणून हे पत्र जरा लांबलं तरी वाचावं अशी विनंती आहे.

मी टपाल खात्याच्या रेल्वे मेल सर्व्हिसमधून निवृत्त झालेला सॉर्टर, म्हणजे पत्रं गावागावांप्रमाणे लावणारा. वय एकाहत्तर, राहणार महाल, नागपूर. ताई डोंबिवलीला असायची. मागच्या वर्षी जुलैत एके दिवशी पहाटे ५ वाजून १० मिनिटांनी भाच्याचा फोन आला. ताई गेल्याचं सांगून झाल्यावर त्याने एकच प्रश्न विचारला, “मामा, तुमच्यासाठी किती वाजेपर्यंत थांबू?”

या प्रश्नाचं उत्तर फार जपून द्यावं लागतं. मयत घरात असतं, पाऊस पडत असतो, लांबलांबची वयस्कर माणसं दारात उभी असतात, स्मशानभूमीत वेळ घ्यायची असते. मुलाने ९:२०चं विमान शोधलं. तिकिटावर मुंबईला पोहोचायची वेळ १०:५५. मी मनात हिशोब केला की दीड तासाचं विमान, पुढे डोंबिवलीपर्यंत दीड तास, म्हणजे साडेबारा. भाच्याला म्हणालो, “साडेबाराला घरात असतो रे. एक वाजता निघू म्हणून सांग सगळ्यांना.”

७:०५ला घर सोडलं. ८:५०ला विमानात बसलो आणि सव्वानवाला दार लागलं. मग वैमानिकाने सांगितलं की मुंबईत जोराचा पाऊस आहे, तिथे विमानांची दाटी झाली आहे, आपल्याला उड्डाणाची पुढची वेळ मिळाली आहे. भाच्याला फोन करून अर्धा तास उशीर होईल म्हणालो, कारण मला तेवढंच कळत होतं. विमान जागेवरून हललं १०:०५ला. चाकं जमिनीवरून सुटली १०:१७ला. तासाभराने मुंबईच्या जवळ पोहोचलो आणि घिरट्या सुरू झाल्या. खिडकीबाहेर पंख आणि पांढरा ढग, बाकी काही नाही. १२:०२ला उतरलो. उतरल्यावरही विमान धावपट्टीच्या बाजूला जागेची वाट बघत उभं होतं. तिथून मी फोन केला, “उतरलो.” माझ्या त्या एका शब्दावर घरची मंडळी आणखी तासभर थांबली, कारण उतरलो म्हणजे पोहोचलोच असं त्यांना वाटलं. इंजिन बंद झालं १२:२४ला. बसमधून इमारतीत आणि इमारतीतून बाहेर यायला पाऊण वाजला. टॅक्सी मिळाली १:०५ला. ऐरोलीच्या पुलावरून शिळफाट्याकडे, पाण्यातून, डोंबिवलीच्या स्मशानभूमीच्या दाराशी पोहोचलो तेव्हा ३:१० झाले होते. चार-पाच माणसं पायरीवर चपला शोधत होती. भाचा समोर आला, पाया पडला आणि म्हणाला, “मामा, तुम्ही साडेबारा म्हणाला होतात.”

यात कुणाची चूक होती असं मी म्हणत नाही. पाऊस होता, आणि अशा पावसात विमान थांबवून ठेवणं हेच शहाणपणाचं आहे. चूक माझ्या हिशोबात होती. आणि तो हिशोब आपल्यापैकी जवळजवळ प्रत्येक जण तसाच करतो, कारण आपल्यापुढे आकडाच तेवढा ठेवला जातो. घर सोडल्यापासून मला आठ तास पाच मिनिटं लागली. त्यातला हवेतला वेळ १ तास ४५ मिनिटं, घिरट्यांसकट.

त्यानंतर मी या विषयाच्या मागेच लागलो. सॉर्टिंगमध्ये पस्तीस वर्षं काढलेल्या माणसाला वेळ लिहून ठेवायची सवय असते. पुढच्या प्रत्येक फेरीला वही घेऊन बसलो. एअरलाइनमध्ये काम करणाऱ्या शेजारच्या मुलाला बसवून शब्द समजून घेतले. जे कळलं ते वाचकांपर्यंत जावं असं वाटतं.

पहिली गोष्ट अंतराची. ६८३ हा आकडा दोन विमानतळांमधल्या सरळ रेषेचा आहे, पृथ्वीच्या गोलाव्यावरून ताणलेल्या दोरीइतका. वैमानिक तो साधारण ३७० नॉटिकल मैल म्हणतील, कारण त्यांचा मैल १.८५२ किलोमीटरचा. हे अंतर आकाशात कुणी काटेकोर कापत नाही. ज्या दिशेने वारा असेल त्याच्या तोंडाने उठावं लागतं, मग वळून ठरलेल्या हवाई मार्गाला लागायचं, आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा धावपट्टीच्या रेषेत येण्यासाठी वळसा. विमानाने प्रत्यक्ष कापलेलं अंतर नेहमी जास्तच भरतं, आणि मार्ग जितका आखूड तितका हा वळसा हिशोबात मोठा दिसतो. मोबाईलवर दोन शहरांची नावं टाकली की काही संकेतस्थळं ६८३ला ताशी आठशेने भागतात, उठण्या-उतरण्याचा अर्धा तास वर घालतात आणि एक तास एकवीस मिनिटं असं उत्तर देतात. मुंबईवर पाऊस आहे की नाही हे त्या भागाकाराला ठाऊक नसतं.

दुसरी गोष्ट तिकिटावरच्या वेळेची. ९:२० म्हणजे विमान उडायची वेळ, अशी माझी सत्तर वर्षांची समजूत होती. तसं नाही. ती विमान आपल्या जागेवरून हलायची वेळ. पोहोचायची वेळही चाकं टेकण्याची नसून विमान दुसऱ्या जागी येऊन उभं राहण्याची असते. उभ्या विमानाच्या चाकांना अडसर लावतात, तो काढल्यापासून पुन्हा लावेपर्यंतचा हा काळ. विमानवाले त्याला ‘ब्लॉक टाइम’ म्हणतात. त्यात धावपट्टीपर्यंत जाणं, रांगेत थांबणं, घिरट्या घालणं हे सगळं धरलेलं असतं. म्हणून हवेत सव्वा तास लागणाऱ्या मार्गाला तिकिटावर दीड-पावणेदोन तास दिसतात. विमान कंपन्या वेळापत्रकातच काही मिनिटं जास्तीची धरतात, आणि त्यातून विमान ‘वेळेआधी’ पोहोचल्याची घोषणा आपल्याला ऐकायला मिळते. सरकारी मोजणीत पंधरा मिनिटांपर्यंतचा उशीर हा उशीर धरलाच जात नाही.

मुंबईत रांग का लागते हेही मला तेव्हाच समजलं. तिथे दोन धावपट्ट्या आहेत, पण त्या एकमेकींना छेदून जातात, म्हणून एका वेळी एकच वापरता येते. तेव्हा एवढ्या मोठ्या शहराची सगळी ये-जा एका पट्टीवरून! एखाद्या विमानाला उतरता आलं नाही आणि ते पुन्हा वर गेलं की मागच्या सगळ्यांची गणितं बदलतात. अशा वेळी मुंबईच्या डोक्यावर इंधन जाळत फिरवण्यापेक्षा विमान निघतं तिथेच धरून ठेवलं जातं. त्या दिवशी आम्ही नागपुरात दार लावून बसलो होतो ते यासाठी.

आणि वारा. हिवाळ्यात आपल्या वरच्या आकाशात पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. मुंबईला जाताना तो समोरून लागतो, नागपूरला परतताना पाठीशी असतो. माझ्या वहीत जानेवारीतली फेरी आहे. जाताना चाकं सुटल्यापासून टेकेपर्यंत १ तास १५ मिनिटं, येताना १ तास ३ मिनिटं. तेच अंतर, बारा मिनिटांचा फरक. पावसाळ्यात उंचावरचा वारा उलटा होतो, पूर्वेकडून वाहू लागतो. म्हणजे ताईच्या दिवशी वारा आम्हाला ढकलतच होता.

त्या जानेवारीच्या फेरीचा पूर्ण हिशोब देतो, कारण तो बिनपावसाचा, बिनघोळाचा, सगळं सुरळीत झालेला दिवस होता. घर सोडलं ५:५०. तिकीट ८:०५ ते ९:४०. विमान हललं ८:०२, उडालं ८:१४, टेकलं ९:२९, थांबलं ९:३८. इमारतीबाहेर ९:५८. डोंबिवलीच्या दारात ११:५०. बरोबर सहा तास. परतताना दार सोडलं ११:३०, तिकीट ३:४० ते ५:०५, हललं ३:४६, उडालं ४:१०, टेकलं ५:१३, थांबलं ५:१८, महालात घरी ६:०५. सहा तास पस्तीस मिनिटं. हे विमान सरकारी हिशोबात वेळेवर पोहोचलं, आणि तसं ते होतंही. तेव्हा सगळं चांगलं घडलं तर सहा, आणि पाऊस लागला तर आठ. दीड तास हा त्या सहातला एक तुकडा आहे.

आता आपल्या तक्त्याकडे येतो. रेल्वेची वेळ आपण स्टेशन ते स्टेशन दिलीत. नागपूरचं स्टेशन गावात आहे, मुंबईत कल्याण, ठाणे, दादर असं सोयीने उतरता येतं. गाडी सुटायच्या वीस मिनिटं आधी गेलं तरी चालतं. विमानाला चेक-इनची खिडकी तासभर आधी बंद होते, म्हणून माणूस दोन तास आधी पोहोचतो. समृद्धीचे आठ तासही नागपूरजवळचं शिवमडका ते आमणे एवढेच. आमणे भिवंडी तालुक्यात आहे. डोंबिवलीकराला ते फायद्याचं आहे, पण कुलाब्याला जाणाऱ्याचा बराच प्रवास तिथून पुढे बाकी असतो. तीन साधनांच्या तीन वेगवेगळ्या मोजपट्ट्या घेऊन आपण एक तक्ता केला आहे. विमान या तक्त्यात रेल्वेच्या सातपटीहून वेगवान दिसतं. घरापासून घरापर्यंत मोजलं तर चांगल्या दिवशी ते रेल्वेच्या साधारण दुप्पटच वेगवान ठरतं, आणि माझ्या त्या जुलैच्या दिवशी मोटारीच्या जवळपास आलं होतं.

नवी मुंबईच्या विमानतळाने हा प्रश्न आणखी महत्त्वाचा केला आहे. ८ ऑक्टोबर २०२५ला त्याचं उद्घाटन झालं, २५ डिसेंबरपासून विमानं सुरू झाली. नागपूरपासून तो जुन्या विमानतळापेक्षा पंधराएक किलोमीटर जवळ आहे. कागदावर अंतर घटलं. पनवेलच्या माणसाचा वेळही घटेल. पण बोरिवलीला जाणाऱ्याने ‘मुंबई’ एवढंच वाचून तिकीट काढलं, तर अंतर कमी होऊनही प्रवास वाढेल. उलट, कफ परेडकडे जाणाऱ्याला जुन्या विमानतळाच्या पोटातूनच आता भुयारी मेट्रो मिळते. एकाच ‘नागपूर–मुंबई’त इतके निरनिराळे प्रवास आहेत, आणि आपण सगळ्यांना मिळून एक आकडा देतो.

माझे वडीलही टपालातच होते. १९४९च्या जानेवारीत रात्रीची हवाई डाक सुरू झाली, तिचा मेळ आमच्या सोनेगावच्या विमानतळावर बसायचा. मुंबई, दिल्ली, कलकत्ता, मद्रास अशी चार विमानं रात्री चार दिशांनी निघायची, मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात उतरायची, थैल्यांची अदलाबदल व्हायची आणि पहाटेपर्यंत विमानं आपापल्या गावी परत. कुणाचं अंतर पावणेसातशे किलोमीटर, कुणाचं साडेआठशे, कुणाचं नऊशे, कलकत्त्याचं हजाराच्या आसपास. डाकोटा विमानांचा वेग आजच्या तिसऱ्या हिश्श्याचा. मी लहानपणी एकदा वडिलांचा डबा घेऊन तिथे गेलो होतो. अंधारात विमान दिसण्याआधी आवाज यायचा, आणि वडील हातातल्या घड्याळाकडे बघून म्हणायचे, “मद्रास आली.” पुढच्या क्षणी थैल्या मोजणं सुरू. संध्याकाळी मुंबईत टाकलेलं पत्र सकाळी कलकत्त्यात पोहोचायचं, हा त्या कामाचा अभिमान होता. विमान किती वाजता उतरलं हे वडील घरी येऊन कधी सांगत नसत. थैली किती वाजता पुढे गेली हे सांगत.

आमच्या खात्याची मोजायची रीतच ती होती. पत्रावर दोन ठसे पडत, टाकलं तिथला आणि पोहोचलं तिथला. कुणीही लिफाफा हातात घेऊन उलटून बघावं आणि किती वेळ लागला ते समजून घ्यावं. मधे पत्र रेल्वेत किती तास होतं, विमानात किती, हे ज्याला पत्र मिळायचं त्याला विचारावं लागत नसे. माणसाच्या प्रवासाची वेळ सांगताना मात्र आपण मधलाच तुकडा पुढे करतो.

नागपुरातल्या झिरो माईल या अंतरं मोजायच्या जुन्या खुणेच्या दगडावर हैदराबाद, चांदा, जबलपूर अशी गावं आणि त्यांची अंतरं मैलांत कोरलेली आहेत. शंभराहून जास्त वर्षं झाली, ती बदलली नाहीत आणि बदलणारही नाहीत. म्हणूनच ती दगडावर कोरता आली. वेळ तशी नाही. वेळ महिन्यागणिक, वाऱ्यागणिक, गर्दीगणिक बदलते. विमानांचं वेळापत्रकही वर्षात दोनदा, मार्चच्या आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी बदलतं. मग वृत्तपत्राने वेळ छापताना ती दगडावरच्या मैलांसारखी का छापावी?

माझी विनंती अवघड नाही. यापुढे विमानाची वेळ छापाल तेव्हा ती ‘विमान हलल्यापासून थांबेपर्यंत’ आहे एवढे तीन शब्द सोबत छापा. तुलना करायची असेल तर तिन्ही साधनं घरापासून घरापर्यंत मोजा, आणि कोणतं घर धरलंत तेही सांगा. सीताबर्डी ते दादर धरलंत तरी चालेल, पण सांगा. जुलैचा आणि जानेवारीचा आकडा वेगळा द्या. दरमहा विमान कंपन्यांच्या वक्तशीरपणाची टक्केवारी जाहीर होते आणि आपणही ती छापता. तिच्यासोबत आपल्या विदर्भाच्या मार्गांवर पावसाळ्यात विमानं खरोखर किती वाजता उभी राहिली याची चार ओळींची नोंद आपल्या वार्ताहराला सहज करता येईल. विमानतळाच्या फलकावर ती रोज दिसते.

सुट्टीला जाणाऱ्याला दोन तास इकडेतिकडे झाले तर फार बिघडत नाही. पण टाटा रुग्णालयात सकाळची वेळ मिळालेला माणूस, मुलाखतीला निघालेली मुलगी, उच्च न्यायालयात तारीख असलेला शेतकरी हे सगळे आपल्याच पानावर तो दीड तास वाचतात आणि त्यावर दिवस आखतात. ज्यांना आदल्या रात्रीच्या गाडीने निघणं परवडलं असतं आणि वेळेवर पोहोचता आलं असतं, ते सकाळच्या विमानाचं महाग तिकीट काढून उशिरा पोहोचतात. आमच्या गल्लीतल्या एका कुटुंबाचं गेल्याच महिन्यात असं झालं. माझ्याकडे आधी आले असते तर मी त्यांना रात्रीच्या दुरांतोत बसवून दिलं असतं.

या महिन्यात ताईचं वर्षश्राद्ध आहे. भाच्याचा परवा फोन आला होता, “मामा, कितीला पोहोचाल?” मी त्याला सांगितलं की आदल्या दिवशी संध्याकाळी.

आतापर्यंतच्या चार फेऱ्यांच्या नोंदी असलेली वहीची पानं या पत्रासोबत झेरॉक्स करून पाठवत आहे. हलण्याची, उडण्याची, टेकण्याची, थांबण्याची आणि दोन्ही दारांची वेळ प्रत्येक फेरीला लिहिली आहे. पुढचा तक्ता करताना उपयोगी पडली तर वापरावीत, नाव छापण्याची गरज नाही.

आपला वाचक,
निवृत्त सॉर्टिंग असिस्टंट, रेल्वे मेल सर्व्हिस
महाल, नागपूर